मोठा कुत्रा की लहान कुत्रा?

कुत्रा हा इमानी प्राणी आहे हे आपण सर्वांनी पुस्तकात वाचले आहे. पण कोणता कुत्रा पाळावा हे पुस्तकात दिलेले नाही. म्हणून मी हा निबंध लिहीत आहे.

आमचे घर कर्जत तालुक्यात पळसदरीच्या बाजूला, गावाच्या टोकाला आहे. मागे लगेच डोंगर व रान. माझे बाबा खोपोलीला कारखान्यात कामाला आहेत. रातपाळी असली की ते संध्याकाळच्या खोपोली लोकलने जातात आणि सकाळी येतात. मग घरात आई, आजी, मी, माझा लहान भाऊ आणि तीन शेळ्या एवढेच. मागच्या वर्षी बिबट्याने शेजारच्यांची शेळी नेली. तेव्हापासून आई रात्री दोनदा उठून गोठ्याची कडी बघते. पावसात लाईट गेली की मला फार भीती वाटते. म्हणून बाबा म्हणाले, "आता कुत्रा आणूच."

दोन ठिकाणी पिल्ले मिळत होती. एका फार्महाऊसवर अल्सेशियन कुत्रीला पिल्ले झाली होती, आणि खोपोलीच्या मामाकडे पांढऱ्या पॉमेरेनियनची होती. मला अल्सेशियन फार आवडला. त्याचे पंजे आताच केवढे मोठे! बाबांनाही तोच पाहिजे होता.

रात्री जेवताना आम्ही विचार केला. अल्सेशियनचा नर तीस ते चाळीस किलोचा होतो. आपल्याकडचा पॉमेरेनियन पाच-सात किलोचा. आजी म्हणाली, "मोठा कुत्रा म्हंजे जेवायला आणखी एक माणूस. भाकरीचा तुकडा टाकून नाय भागायचं." आईने बोटांवर हिशेब केला आणि ती गप्प बसली. आजीचा गुडघा दुखतो. मोठा कुत्रा लाडाने अंगावर आला तरी ती पडेल. माझे वजन चोवीस किलो आहे. मग मी कुत्र्याला फिरवणार, की कुत्रा मला?

बाबा म्हणाले, "पण लहान कुत्र्याला बिबट्या उचलून नेईल." हे खरे आहे. पण बिबट्या मोठ्या कुत्र्यालाही नेतो. म्हणून कुत्रा कोणताही असो, रात्री त्याला बाहेर बांधायचा नाही. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. त्यात लहान कुत्रा मावेल.

मी शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "कुत्र्याला माणसापेक्षा खूप बारीक आवाज ऐकू येतात. राखणीला आधी कान लागतात, मग गळा." हे दोन्ही लहान कुत्र्याला असतात. बाईंनी देशी कुत्र्यांचीही माहिती सांगितली. मुधोळच्या शिकारी कुत्र्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात. २००५ साली भारताच्या टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. गावठी कुत्राही राखणीला चांगला. पण सध्या गावात कुणाकडे गावठी पिल्लू नाही.

लहान कुत्र्यात दोषही आहेत. तो फार भुंकतो, आणि रातपाळी करून आलेले बाबा दिवसा झोपतात. त्याचे केस लांब असतात. आपल्याकडे चार महिने पाऊस. केस ओले राहिले तर त्याला खाज सुटते, आणि गोचीड झाली तर ती केसांत दिसत नाही. म्हणून आमचे असे ठरले, की सुट्टीत बाबा झोपले असताना मी कुत्र्याला शेळ्यांबरोबर माळावर नेणार आणि रोज संध्याकाळी त्याचे केस पुसून विंचरणार. आजीने जुने लुगडे फाडून ठेवलेही आहे.

बाबा शेवटी म्हणाले, "जो आपल्याला पोटभर पोसता येईल तोच आपला." अल्सेशियनचे पिल्लू दुसऱ्यांनी नेले. मला थोडे वाईट वाटले. येत्या रविवारी आम्ही मामाकडे जाणार आहोत. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात त्याला रेबीजची लस द्यायची आहे, आणि पुढे दर वर्षी.

मित्रांनो व पालकांनो, कुत्रा मोठा असो की लहान, चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट किंवा हळद लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लस लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम दिली आणि तो वाचला. तो माझ्यापेक्षा एकच वर्षाने लहान होता.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी