जिभेवर ताबा नाही म्हणे!

माझ्या लहानपणी जुहूच्या चौपाटीवर खाण्यालाही वेळ-काळ होता. ऊन उतरलं की भेळवाले बत्त्या पेटवत आणि पार्ल्या-अंधेरीची कुटुंबं वाळूत चादरी पसरत. एका पुड्यात दोन भावंडं, चमच्याऐवजी कडक पुरी, आणि बाबांचा मूड असला तर काळा खट्टा गोळा. हे रविवारी. एरवी रात्री आठला पानं मांडली जात, सगळे एकदम बसत आणि एकदम उठत. आता त्याच रस्त्यांवर रात्री दोन वाजता डिलिव्हरीच्या मोटारसायकली फिरतात. बिर्याणी, केक, फ्राइज, जे बोट लावाल ते दारात येतं आणि बंद खोलीत एकट्याने खाल्लं जातं.

तो काळ किती चांगला होता, असं लिहायला बसले की माझी एक मावशी आडवी येते.

ती जुहू स्कीममध्ये राहायची. काका आखातात नोकरीला, घरात सासू, दीर, जाऊ, पोरंबाळं. मावशीचे उपास भारी. सोमवार, चतुर्थी, एकादशी. मध्येच नुसत्या ताकावरही राहायची. त्याचं घरात कौतुक व्हायचं. रात्री मात्र निजानीज झाली की ती स्वयंपाकघरात जाई आणि फराळाचा डबा उघडी. उभ्याउभ्याच, भराभर, भूक नसताना, पोट दुखेपर्यंत. सकाळी सासूबाई डबे हलवून बघत आणि ‘उंदीर मोठा झालाय हो घरातला’ म्हणत. सगळे हसत. मावशीही हसे, हे मला आता जास्त छळतं.

उपाय काही कमी झाले नाहीत. डॉक्टरांनी मोजून दोन फुलक्यांचा कागद दिला. कमरेला पट्टा बांधून थरथरवणाऱ्या यंत्रावर ती महिनोन्महिने उभी राहिली. दरवेळी थोडं वजन उतरे आणि मग डबा पुन्हा उघडे. निदान एकच: जिभेवर ताबा नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा टोमणा तिने असंख्य वेळा ऐकला. तो मारणाऱ्यांना कल्पनाही नव्हती की आजाराचं चक्रच ते बोलून दाखवतायत. आधी उपाशी मारायचं, मग शरीर आणि मन दोन्ही उसळतात, मग लाज, मग आणखी कडक उपास.

अमेरिकेतल्या अल्बर्ट स्टंकार्ड या मानसोपचारतज्ज्ञाने अशा खाण्याचं वर्णन १९५९ सालीच केलं होतं. पण अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ते १९९४ मध्ये आलं, तेही परिशिष्टात. ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र आजार व्हायला २०१३ उजाडलं. आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने, ताबा सुटल्यासारखं भरमसाट खाणं आणि नंतर स्वतःची किळस, ही त्याची खूण. बुलिमियात खाल्लेलं उलटी करून किंवा इतर मार्गांनी काढून टाकण्याची धडपड असते, तशी ती इथे नसते. बुलिमियाबद्दल रिचा चढ्ढासारखी अभिनेत्री जाहीर बोलली. डबा उघडणाऱ्या बायकांबद्दल बोलायला मात्र कुणी नव्हतं.

मावशीच्या नातीला आता तोच त्रास आहे. फरक इतकाच की ती मानसशास्त्रज्ञाकडे जाते. पहिल्याच भेटीत तिथे डाएट बंद करायला सांगितलं. तीन वेळा जेवायचं, मध्ये दोन-तीनदा थोडं खायचं, सगळं ठरल्या वेळी; चार तासांहून जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. माझी मावसबहीण भडकली, ‘पैसे मोजून खायलाच सांगतात!’ पण सीबीटी या उपचारपद्धतीची पहिली पायरी तीच असते. सोबत एक वही: किती वाजता, कुठे, काय खाल्लं, तेव्हा मनात काय चाललं होतं. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच. पुढे ‘एक लाडू खाल्ला, म्हणजे आजचा दिवस वाया गेला’ या विचाराला हात घातला जातो, कारण उरलेला डबा त्याच विचाराने संपतो. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ही रीत खाण्याच्या आजारांसाठी घडवली.

सीबीटीचं भावंड म्हणावं अशी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत तर मुंबईत जुनीच. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ती इथे शिकवली; अंजली जोशींच्या कादंबरीमुळे एलिस मराठी घरांत पोचले. त्या पुस्तकाचा आणि लाडवांच्या डब्याचा संबंध आमच्याकडे कुणी जोडला नाही, एवढंच.

मावशीला कदाचित दुसरी पद्धत जास्त लागू पडली असती. क्लर्मन आणि वाइसमन यांनी ती नैराश्यासाठी उभी केली. खाण्याच्या आजारातही तिच्यात खाण्यापेक्षा नात्यांवर बोलतात: कोण गेलं, कोण दूर आहे, कुणाशी बोलणं तुटलंय. दोन वर्षांतून एकदा येणारा नवरा आणि भरल्या घरातलं एकटेपण, या विषयावर मावशी किती बोलली असती! मार्शा लिनेहन यांच्या डीबीटी या आणखी एका पद्धतीत उसळलेली भावना न खाता कशी सोसायची, हे शिकवतात.

एक गोष्ट घरच्यांना अजून पचत नाही. या उपचारांनी भरमसाट खाण्याचे झटके कमी होतात, पण वजन फारसं उतरेलच असं नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शिकेनुसार रुग्णाला हे आधीच सांगायचं असतं. लग्नकार्यात ‘अगं, बारीक नाही झालीस?’ विचारणाऱ्या आत्याबाईंना ते कोण सांगणार?

आठच्या पानांची मला अजूनही ओढ आहे. ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून जेवणं ही त्या घराची खरी पुण्याई होती. पण तिथे एका बाईचं रात्रीचं दुःख करमणूक ठरलं. मला निवड करायला सांगितली तर मी नातीचा काळ निवडीन, मोटारसायकलींसकट.

तुमच्या घरात कुणी असं चोरून खात असेल तर त्याला आणखी एक डाएट सुचवू नका. जुहू स्कीममध्येच पालिकेचं कूपर रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर सरकारी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.