दोघांत एक वायर

आम्ही दोघं रोज सकाळी इचलकरंजीहून कोल्हापूरला जातो. एकीची शाळा, एकाचं ऑफिस. हातकणंगल्यावरून जाणाऱ्या एसटीत तासभर तरी मोडतो, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. घरी आल्यावर मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, अब्बांच्या गोळ्या. त्यामुळे खरं सांगायचं तर आमचा संसार निम्मा एसटीतच झाला आहे.

या प्रवासात आम्ही कित्येक वर्षं एकच इअरफोन वापरला. मोबाईलबरोबर फुकट आलेला, पांढऱ्या वायरचा. डावा तुकडा एकाच्या कानात, उजवा एकीच्या. सकाळी निघताना थोडी तिलावत, मग एखादी गझल, परतताना मराठी कादंबरीचं वाचन. कव्वाली लावली की गंमत व्हायची. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणारा एका बाजूला आणि टाळ्या दुसऱ्या बाजूला असतात. मग एकीला नुसता गवई ऐकू यायचा, एकाला नुसत्या टाळ्या. (यावर उपाय फोनमध्येच असतो हे फार उशिरा कळलं. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण आहे. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखा येतो.)

गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या कानात शिट्टी वाजू लागली. बसमधून उतरल्यावर पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग एका रात्री झोपेपर्यंत. दुसरं कुठलं घर असतं तर 'थंडी बाधली असेल' म्हणून सोडून दिलं असतं. आमच्या घरात ते जमण्यासारखं नव्हतं.

अब्बा तीस वर्षांहून जास्त काळ मागावर होते. ज्यांनी मागाचा कारखाना आतून पाहिला नाही, त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. एक माग चालतो तेव्हा धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत जातो, मिनिटाला शंभरावर वेळा. असे वीस-चोवीस माग एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे आवाज नव्वद डेसिबलच्या पुढेच असतो. कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात. अब्बा कानात कापसाचा बोळा घालायचे. कारखान्यात आणखी कशाची कमी असली तरी कापसाची नव्हती. पण साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आज अब्बांना ऐकू येत नाही असं नाही. ऐकू येतं, कळत नाही. आवाजाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत जातो, साधारण 4000 हर्ट्‌झच्या आसपास. बोलण्यातले स, श, फ यांसारखे बारीक उच्चार तिकडेच असतात. आम्ही 'सात वाजता' म्हटलं की अब्बा 'आठ?' म्हणून विचारतात. दोनदा विचारून झालं की मान हलवतात आणि गप्प बसतात. पाहुणे आले की हल्ली आतल्या खोलीतच बसतात.

कोल्हापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचीही तपासणी केली. एकीचा आलेख सरळ होता. एकाच्या आलेखात अगदी त्याच 4000च्या जागी लहानसा खळगा पडलेला. डॉक्टरांनी तो बोटाने दाखवला आणि विचारलं, "कारखान्यात काम करता का?" आम्ही नाही म्हणालो. मग त्यांची नजर गळ्यात लोंबणाऱ्या पांढऱ्या वायरकडे गेली.

त्यांनी जे समजावलं ते आम्ही शिक्षकी सवयीने घरी येऊन वहीत उतरवलं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. तोच 90 झाला तर फक्त 4 तास. आणि आमच्या फुकटच्या इअरफोनचं दुखणं असं की तो कानात नीट बसतच नव्हता. इंजिनाचा आवाज बाजूने आत यायचा, त्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आम्ही आवाज वाढवायचो. त्यातही एकच कान झाकलेला, दुसरा उघडा, म्हणून आणखी वाढवायचो. म्हणजे अब्बांनी पोटासाठी जे सोसलं, ते आम्ही हौसेखातर विकत घेत होतो.

तेव्हा नवीन हेडफोन घ्यायचा तो गाणं 'भारी' वाजावं म्हणून नाही, कमी आवाजात ऐकता यावं म्हणून, असं ठरलं. दोघांचे मिळून पाच हजार रुपये बाजूला काढले. अम्मींना हा आकडा आम्ही सांगितलेला नाही.

पहिल्यांदा मोठे, पूर्ण कान झाकणारे हेडफोन बघितले. दिसायला रुबाबदार, आवाजही प्रशस्त. पण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीशी ते घालून बसा, दहा मिनिटांत गाद्यांखाली घाम. आमच्यातल्या एकीची अडचण वेगळीच. ती स्कार्फ बांधते. स्कार्फवरून हेडफोन घातला तर गादी कानाभोवती चिकटून बसत नाही, फट राहते, आणि ती फट राहिली की बाहेरचा आवाज आत आणि खालचे सूर बाहेर. स्कार्फच्या आतून घातला तर डोक्यावर तंबू. दुकानातल्या पोराने मान दुसरीकडे वळवून हसू लपवलं, पण आम्हीच आधी हसलो.

एका जाणकार मित्राने घरातला त्याचा उघड्या पाठीचा हेडफोन ऐकवला. गाणं असं मोकळं, की समोर बैठक बसली आहे. पण त्याची रचनाच अशी की आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. शिवाय 300 ओहमचा; मोबाईलच्या जोरावर तो नीट हलतही नाही, वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. घरात बसून ऐकणाऱ्याची वस्तू ती. बसमध्ये शेजाऱ्याला फुकट मैफल, आणि आपल्याला कंडक्टरची टिकटिक.

मग भाच्याकडून आवाज मारणारे बिनवायरचे बड्स दोन दिवस मागून घेतले. याची कल्पना अमर बोस यांना 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली असं सांगतात. वडील बंगालचे, मुलगा अमेरिकेत प्राध्यापक. तत्त्व सोपं आहे. बाहेरचा आवाज लहान माइक टिपतो, आतलं यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करतं, आणि दोन्ही एकमेकींना खातात. एसटीत बटण दाबलं आणि इंजिनाची घरघर कुणी चादर ओढावी तशी खाली बसली. काचांचा खडखडाट आणि मागच्या बाकावरच्या काकूंचा आवाज मात्र तसाच. हे यंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज चांगला मारतं. अचानक येणारा किंवा बोलण्याचा आवाज त्याला तेवढा जमत नाही. पण आवाजाची पट्टी निम्म्याखाली ठेवूनही शब्द न् शब्द कळत होता. हे आम्हाला पटलं.

एकीने तेच स्कार्फखाली घालून पाहिले. कापड बाहेरच्या बाजूला घासलं की स्पर्शाने चालणारं बटण दाबलं जायचं. सूरह मध्येच थांबायची, कधी फोन लागायचा. एकदा मुख्याध्यापकांना लागला. शिवाय कापडाची सळसळ माइकमधून थेट कानात. ज्या बहिणी स्कार्फ किंवा नकाब वापरतात त्यांनी बिनवायरचे बड्स घेण्याआधी स्पर्शाचं बटण बंद करता येतं का, हे विचारून घ्यावं. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

शेवटी एकाने आवाज मारणारे बड्स घेतले, तीन हजारांच्या आतले. एकीने वायरचे, कानात घट्ट बसणारे, ज्यांची वायर कानामागून वळून जाते. फोनला इअरफोनचं भोक नाही, म्हणून टाइप-सीचा छोटा डोंगल वेगळा घ्यावा लागला. वायर स्कार्फच्या आतून गेली की दिसतही नाही. चार्जिंगची कटकट नाही, आणि बड्सची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांनी मान टाकते तशी भीतीही नाही.

टोप्यांबद्दल एक शब्द. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्या येतात आणि बहुतेक लोक लावलेली मध्यमच कायम वापरतात. आम्ही सगळ्या घालून बघितल्या. एकीचा डावा कान लहान टोपी मागतो आणि उजवा मध्यम. टोपी बरोबर बसली की बाहेरचं जग एकदम दूर जातं आणि बेसही आपोआप भरतो. नाही तर माणूस हजार रुपयांचा आवाज फटीतून घालवतो आणि कंपनीला शिव्या देतो. आधी आम्ही ऑनलाइन मागवलेल्या स्वस्तातल्या एका जोडीत नुसताच बेस होता. तिलावत ऐकावी तर कारी घागरीत तोंड घालून पढतोय असं वाटायचं. आम्ही ऐकतो तो बहुतेक माणसाचा गळा. म्हणून दुकानात ढोलाची गाणी लावली नाहीत, एकट्या आवाजाची लावली.

नवे घेतले त्या रात्री अब्बांना ऐकवावं असं वाटलं. अब्बांचे आवडते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तरुणपणी अब्बा उरुसाच्या मैफलीला सायकलने जायचे. पण आम्ही मुद्दाम आजच्या एका गवयाचं, स्वच्छ रेकॉर्डिंग लावलं. अब्बा डोळे मिटून बसले. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, "गळा चांगला आहे पोराचा. पण तंबोरा का घेतला नाही रे त्यानं?"

तंबोरा होता. दोन होते. मिरजेची जवारी त्या वायरमधून पहिल्यांदाच इतकी स्वच्छ आम्हाला ऐकू आली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने सांगितलं, "हल्ली नाही घेत, अब्बा." पुढच्या आठवड्यात त्यांना श्रवणयंत्रासाठी नेलं. दोन वर्षं ते नको म्हणत होते आणि आम्हीही फार जोर लावत नव्हतो, हे इथे कबूल करतो.

एसटीत मात्र वेगळंच झालं. दोघांकडे दोन यंत्रं आली आणि आमचं बोलणं बंद पडलं. भांडण वगैरे काही नाही. एकाची घरघर गेली तशी एकीची हाकही गेली. शाहूवाडीच्या बदलीची बातमी एकीने बसमध्ये सांगितली आणि एकाला ती घरी अम्मींकडून कळली. 1979 साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला दोन जणांसाठी दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण होतं; ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना बोलता यायचं. पुढे ही सोय गेली. आम्हाला ती कुणी परत द्यायला हवी होती.

आता सकाळी ज्याचं त्याला. परतताना बड्स डब्यात, आणि वायरवाला एकच दोघांत. डाव्या बाजूचं बाक मिळालं तर फार सोयीचं. एकी खिडकीशी, एक तिच्या उजवीकडे, म्हणजे उजवा तुकडा तिच्या उजव्या कानात आणि डावा त्याच्या डाव्या. उघड्या कानात मऊ फोमचा बोळा, म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही. पट्टी निम्म्यापलीकडे न्यायची नाही, आणि शेजारी हातभर अंतरावरून बोलला तर कळलं पाहिजे. बहुतेक वेळा खाँसाहेबच लावतो. त्यांच्या काळात स्टिरिओ नव्हता, डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. तबकडीची खरखरही दोघांना सारखीच येते. हातकणंगलं आलं की एकी वायर ओढते आणि विचारते, आज भाजी काय न्यायची.