वहिनींचे धुराडे



आज विषय चुलीचा. म्हणजे चुलीवरच्या पिठल्याचा नव्हे, तिच्या धुराचा. शहरातल्या भाचे-पुतण्यांनी नाके मुरडू नयेत.

आमच्या थोरल्या वहिनी वेल्ह्याच्या पलीकडे तोरण्याच्या कुशीतल्या एका वाडीत राहतात. (आता राजगड तालुका म्हणायचे, पण जिभेची सवय पंचाहत्तरीत कुठली जायला!) घरात गॅस आहे. चहा आणि पाहुणे गॅसवर. भाकरी, अंघोळीचे पाणी आणि पावसाळ्यातली ऊब मात्र चुलीची. आषाढात तिकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घोंगडी, सरपण आणि माणसे सगळी चुलीभोवतीच सुकतात. "चूल बंद करा" असे सांगणाऱ्याने एक आषाढ तिथे काढून दाखवावा.

मध्यंतरी पुतण्याने कौले उतरवून पत्रे घातले. वानरे कौले फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही, त्याचेही खरेच होते. गळती थांबली आणि वहिनींचा खोकला सुरू झाला. कारण साधे आहे. कौलारू घराचे सगळे छप्परच धुराडे असते, कौलाकौलांच्या फटीतून धूर हळूहळू निघून जातो. पत्र्याला फट नाही. धूर वर जातो, गार होतो आणि पुन्हा माणसांच्या डोक्यावर उतरतो. भोरच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि विचारले, "चुलीला धुराडे आहे का?" शहाणा माणूस.

निर्धूर चूल काही नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतल्या मगनचुलीचे नाव आमच्या पिढीने ऐकलेले आहे. पुढे 1983 पासून 2002 पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर चालला. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या 'आरती' संस्थेची दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूलही बऱ्याच घरांत गेली. पुष्कळ ठिकाणी मात्र वर्ष-दोन वर्षांत चूल फुटली आणि पाइप दुसऱ्याच कामाला लागला. बायकांची भांडी मोठी, चुलीचे तोंड लहान, मग कोयत्याने तोंड मोठे केले जायचे. त्यांना दोष कसा द्यावा? भांडे बघूनच चूल करायला हवी होती.

तर पुतण्याने गवंडी आणला. नवी चूल मातीची, मागे वैल, वैलामागे पाइपाचे भोक. जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली आणि तिथून वर, असा रस्ता. वैलावर भांडे नसेल तर झाकण हवेच, नाहीतर धूर तिथूनच घरात येतो. इथपर्यंत सगळे ठीक. पण गवंड्याने सोबत आणला होता पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप! मी हात जोडले. मग त्याने गोठ्यामागचा जुना अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप काढला आणि कापायला घेतला. तोही थांबवला. ती धूळ छातीत गेली की जन्माची बसते. खोकला घालवायला निघालो होतो ना आपण?

शेवटी भोरहून पत्र्याचे जाड पाइप आणले, चुलीच्या भोकाइतक्याच रुंदीचे. अरुंद घेतले की धूर अडतो. जोड देताना वरच्या पाइपाचे टोक खालच्याच्या आत बसवायचे, म्हणजे आत सुटणारे काळे पाणी बाहेर न ठिबकता खाली चुलीत जाते. गवंडी उलटे बसवत होता. धूर वर जातो म्हणून खालचा पाइप वरच्यात, असा त्याचा हिशेब. हिशेब चांगला होता, पाण्याचा विसरला एवढेच.

खरा वाद झाला माळ्यावरून. पाइप माळ्यातून जाणार आणि माळ्यावर भाताचा पेंढा. अमेरिकेत वर्माँटला माझा भाचा राहतो, त्याच्याकडे लाकडाची शेगडी आहे. फोनवर म्हणाला, "मामा, उघड्या एकपदरी पाइपापासून लाकूड निदान दीड फूट दूर पाहिजे, इकडे तसा नियमच आहे. आणि धुराडे छपरातून निघते तिथून कमीत कमी तीन फूट वर न्यायचे, दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर." मी ते कागदावर लिहून गवंड्यापुढे धरले. वहिनी ऐकेनात. पेंढा गोठ्यात ओला होईल म्हणे. वर्षानुवर्षे शेकून कोरडे झालेले ते लाकूड किती लवकर पेटते हे सांगायला मला अर्धी दुपार लागली. मग चुलीवरचा माळा पाइपाभोवती दीड-दीड फूट कापला, आड येणारा वासा कापून आडव्या लाकडावर पेलला, पेंढा हलला. पत्र्याच्या भोकाभोवती डांबर नाही, पत्र्याचीच कॉलर. वर टोपी, आणि तिकडच्या वाऱ्यासाठी तीन बाजूंनी ताणाच्या तारा.

पहिल्या दिवशी सगळा धूर घरातच! पाइप गार, आतली हवा जड. वर्तमानपत्राचा बोळा पाइपाच्या बुडाशी पेटवला तेव्हा कुठे ओढ लागली. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, कारण धूर बाहेर जायला तेवढीच हवा आत यावी लागते. ओल्या सरपणाने पाइपात डांबरासारखी काजळी धरते आणि ती पेटली की पाइप घोंघावतो. तसे झाले तर चुलीचे तोंड बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचे, पाइपात पाणी ओतायचे नाही. म्हणून पावसाळ्यात दर महिन्याला दोराला पोत्याचा बोळा बांधून पाइप झाडायचा, चूल गार असताना. हे काम पुतण्याकडे दिले आहे आणि तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

एक गोष्ट धुराड्याने सुटत नाही. रात्री घमेल्यात निखारे घेऊन निजायच्या खोलीत ठेवायची वहिनींची जुनी सवय. निखाऱ्याला धूर नाही म्हणून भीती वाटत नाही. पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि दारे लावून झोपलेला माणूस उठतच नाही. कौलांच्या घरात फटींनी सांभाळून घेतले असेल. पत्र्याच्या, दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या घरात ते धरून चालता येणार नाही. घमेले मी येताना उचलून गाडीत टाकले. वहिनी दोन दिवस फोनवर बोलल्या नाहीत.

आता बोलतात. खोकला कमी आहे, पण तक्रार नवी आहे: चुलीवरच्या शिंकाळ्यातल्या वालाच्या बियाण्याला धूर लागत नाही, त्यामुळे कीड धरली. मी राख चोळून ठेवा म्हणालो. "राख मला ठाऊक आहे," म्हणाल्या, "तुम्ही घमेले कधी आणताय?"