ग्वांगझौमध्ये भाषा शिकताना

अंधेरीपासून साकीनाक्यामार्गे घाटकोपरपर्यंत चालत गेलात, तर चिनी माल नाही असे दुकान शोधावे लागेल. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे डबेसुद्धा चीनमधल्या नानजिंगचे. माल घरोघरी आला, पण तो जिथून येतो तिथली भाषा आपल्यात फार थोड्यांना येते.

आमच्या घरचे दुकान विजेच्या दिव्यांचे. नमुना एक यायचा आणि पेटीत निघायचा दुसराच. तक्रार करायची तीही दलालामार्फत. शेवटी घरात ठरले की आम्ही दोघा चुलतभावांनी ग्वांगझौला जाऊन भाषा आणि व्यापार शिकायचा. निघताना दादीने इल्मासाठी चीनपर्यंत जाण्याचे ते वचन आठवणीने ऐकवले. हदीसचे जाणकार त्याची सनद कमजोर मानतात. पण इल्मासाठी कष्ट घ्यावेत, याबद्दल कोणाचेच दुमत नाही.

ग्वांगझौ म्हणजे जुन्या मुंबईकरांचे कँटन. जमशेटजी जीजीभॉय यांच्या चीनशी व्यापार करणाऱ्या पेढीत मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान भागीदार होते. त्या काळी मुंबईहून कापूस जाई, तशी अफूही जाई. त्या अफूने तिथली किती घरे धुळीला मिळाली, हे अभिमानाच्या भरात विसरू नये. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुले होते. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणे हा गुन्हा होता. सगळा व्यवहार ठरावीक पेढ्या आणि दुभाष्यांच्या हातात. आज त्याच शहरात सुन यात-सेन आणि जिनान या विद्यापीठांत जगभरची मुले चिनी शिकतात.

ही भाषा कानाची परीक्षा घेते. तिच्यात चार सूर. 'माइ' हा शब्द एका सुरात म्हटला तर 'विकत घेणे', दुसऱ्या सुरात म्हटला तर 'विकणे'. व्यापाऱ्याने हा फरक आधी घोटून घ्यावा! वर्गात शिकवतात ती मँडरिन. बाजारातले जुने दुकानदार आपसांत बोलतात कँटोनीज. त्यामुळे सकाळी शिकलेले संध्याकाळी अर्धेच कामाला येई.

जेवणाची चिंता घरच्यांना जास्त होती. तिथे नुसत्या भाजीतही डुकराची चरबी असू शकते. पण 'छिंगझेन', म्हणजे हलाल, ही दोन अक्षरे ओळखता आली की काम सोपे होते. छिंगहाय-गान्सूकडच्या मुसलमानांची हाताने ओढलेल्या शेवयांची दुकाने शहरभर आहेत. जुम्म्याला आम्ही हुआइशेंग मशिदीत जात असू. तिचा सुमारे ३६ मीटर उंचीचा गोल मिनार 'ग्वांगता', म्हणजे प्रकाशाचा मनोरा, या नावाने ओळखला जातो. ही मशीद हजरत साद बिन अबी वक्कास यांनी बांधली, असे तिथले लोक मानतात. इतिहासकारांना ते पटत नाही. पण १३५० साली ती पुन्हा बांधली गेली, म्हणजे मूळ मशीद त्याहूनही जुनी. सफेत आफ्रिकी, अरब आणि चिनी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की परकेपणा विरघळून जाई.

व्यापाराचा खरा धडा कागदांनी दिला. चिनी कंपनीचे नोंदणीतले नाव चिनी भाषेतच असते. त्यात 'माओयी' असेल तर ती व्यापारी पेढी, 'चांग' असेल तर कारखाना. करारावर सहीपेक्षा कंपनीच्या लाल शिक्क्याला महत्त्व. हे वाचता येऊ लागल्यावर आम्ही आमच्या जुन्या ऑर्डरचे चिनी कागद मागवले आणि थक्क झालो. तार पातळ घ्या, भाव उतरवा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि ते लिहवून घेणारा होता इकडचाच दलाल. कारखान्याने सांगितले तसे केले. वर्षानुवर्षे घरात 'चिनी माल असाच' म्हणून ज्यांना बोल लावला, त्यांचा त्यात दोष नव्हता.

मुलांना तिकडे पाठवू पाहणाऱ्या आईवडिलांना एवढेच सांगणे: मुलगा असो वा मुलगी, आधी निदान एक वर्ष फक्त भाषेला द्या. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, तेव्हा 'तिथे कमावून शिकेल' या भरवशावर पाठवू नका. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा, १९५७ पासूनचा कँटन मेळा मात्र अवश्य पाहू द्या.

आता आमच्या दुकानाच्या ऑर्डरीत तारेची जाडी आकड्यांत लिहिलेली असते, चिनी भाषेत आणि आमच्याच हाताने. माल थोडा महाग पडतो. पण गिऱ्हाइकाने दिव्याबद्दल विचारले, तर जे आहे तेच सांगता येते. मापात कसूर करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते पाळायचे तर आपल्या नावावर दुसरा काय लिहितो, हे वाचता यायला हवे.