बटण दाबलं, अक्षर उमटेना!

कीबोर्डइतकी गृहीत धरलेली वस्तू दुसरी नसेल. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड आहे का, यावर हॉस्टेलमध्ये रात्र-रात्र वाद होतात. 'तुझा कीबोर्ड नक्की कसा चालतो रे?' असं मात्र कुणी कुणाला विचारल्याचं ऐकलेलं नाही. लावला की चालतो, विषय संपला! पण ज्याने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याचा उद्योग केलाय, त्याला हा प्रश्न विचारून बघा. मेसचा चहा गार होईपर्यंत तो बोलत राहील.

आमच्या विंगमध्ये एक कर्नल आहे. (सैन्यातला नव्हे!) काही बॅच आधीच्या सिनियर्सनी तो छंद म्हणून लिहिला, नंतरच्यांनी त्यात शेल घातलं, छोटी फाईल सिस्टीम घातली, आणि पास आउट होताना एका पेनड्राइव्हवर टाकून आमच्या हवाली केला. अट एकच, 'चालू ठेवा.' लिनक्ससुद्धा १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याचा छंदच होता, हे ऐकवून आम्हांला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते वेगळंच. आम्ही ठरवलं, टेक फेस्टला हा कर्नल लॅबमधल्या खऱ्या मशीनवर चालवून दाखवायचा. कारण उघड होतं. ज्युनियर्सनी तो डोळ्यांनी पाहिला नाही तर पुढे घेणार कोण? आमच्याबरोबरच तो पास आउट झाला असता.

लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये सगळं झकास चालत होतं. लॅबमध्ये कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्हवरून बूट केलं, तिथेही शेल आलं आणि टायपिंगही झालं. लॅबचे काका म्हणाले, "चाललं की!" आम्ही मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. कारण कर्नलमध्ये फक्त जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पीएस/२ कीबोर्डचा ड्रायव्हर होता, आणि मशीनला लावलेला कीबोर्ड होता यूएसबीचा! हे चालतंय तरी कसं?

इथे थोडा इतिहास लागतो. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी/एटीमध्ये कीबोर्डसाठी इंटेलची ८०४२ ही वेगळी चिप होती. बटण दाबलं की ती १ नंबरचा इंटरप्ट द्यायची आणि प्रोसेसरने हेक्स ६० या पोर्टवरून कोड वाचायचा. चिपची खबरबात ६४ या पोर्टवर. १९८७ मध्ये पीएस/२ चा गोल प्लग आला, पण आतला कारभार तोच राहिला. मग १९९६ मध्ये यूएसबी आली आणि सगळी रीतच बदलली. यूएसबी कीबोर्ड स्वतःहून काही बोलत नाही. यूएसबी कंट्रोलरने ठराविक वेळाने 'काही आहे का?' असं विचारायचं, मग तो उत्तर देणार. व्हायव्हाला बसलेला विद्यार्थीच म्हणा ना!

पण जुन्या सिस्टीम्सना यूएसबी कुठे येत होती? म्हणून बायोसने एक युक्ती केली. तिचं नाव लेगसी सपोर्ट. आपला कोड ६० किंवा ६४ ला हात लावायला गेला की हार्डवेअर प्रोसेसरला गुपचूप सिस्टीम मॅनेजमेंट मोडमध्ये नेतं. तिथे बायोसचा कोड यूएसबी कीबोर्डशी बोलतो आणि जणू ८०४२ नेच दिला असा कोड आपल्यापुढे ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीमला पत्ताही लागत नाही. थोडक्यात, वर्गात हजेरी आपली लागत होती, पण 'प्रेझेंट सर' भलताच कुणीतरी म्हणत होता!

खरी गंमत पुढे झाली. शेलमधून पेनड्राइव्हवर फाईल सेव्ह करता यावी म्हणून कर्नलला यूएसबी शिकवायला घेतली. त्यासाठी कंट्रोलर रिसेट करणं भाग होतं. रिसेट झाला आणि कीबोर्ड ठप्प! रूम पार्टनरने निकाल दिला, "हँग झालं." पण हँग म्हणजे नक्की काय? खात्री करायला स्क्रीनच्या कोपऱ्यात टायमरचा आकडा छापायला सुरुवात केली. आकडा मस्त पळत होता. म्हणजे कर्नल जिवंत, फक्त कानाने बहिरा. काकांनी स्टोअरमधून गोल प्लगचा एक जुना कीबोर्ड शोधून आणला. मशीन बंद करून तो लावला, पुन्हा बूट केलं. रिसेटनंतरही तो कीबोर्ड चालला. म्हणजे आमचा पीएस/२ ड्रायव्हर ठणठणीत होता. रिसेटमुळे बंद पडली होती ती बायोसची मध्यस्थी. दोन साध्या प्रयोगांनी अर्धा प्रश्न सुटला. डिबगर वगैरे पुढच्या गोष्टी!

आता कंट्रोलर किती आणि कुठले, हे बघायचं. पीसीआय बसवर यूएसबी कंट्रोलर ओळखू येतो तो क्लास १२, सबक्लास ३ यावरून. त्यापुढचा एक बाइट त्याची जात सांगतो. हेक्समध्ये ०० म्हणजे यूएचसीआय, १० म्हणजे ओएचसीआय, २० म्हणजे यूएसबी २.० चा ईएचसीआय आणि ३० म्हणजे यूएसबी ३.० बरोबर आलेला एक्सएचसीआय. आमच्या यादीत एकच कंट्रोलर दिसत होता. पण पीसीआयच्या एका डिव्हाइसमध्ये आठपर्यंत फंक्शन्स असू शकतात आणि हेडर टाइपचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर ती सगळी तपासावी लागतात. सिनियर्सना गरज पडली नव्हती म्हणून जुना कोड फक्त फंक्शन ० बघायचा. तपासणी वाढवली आणि डिव्हाइस २९ मधून एकदम पाच जण बाहेर आले. फंक्शन ० ते ३ वर चार यूएचसीआय आणि फंक्शन ७ वर एक ईएचसीआय. गणपतीच्या वर्गणीला दार वाजवावं आणि एका खोलीतून पाच जण निघावेत, तसं!

पाच का? तर ईएचसीआयला फक्त ४८० मेगाबिटचा वेग कळतो. कीबोर्ड बिचारा दीड मेगाबिटवाला. असं संथ डिव्हाइस थेट पोर्टला लावलं की ईएचसीआय ते पोर्ट आपल्या जोडीदार यूएचसीआयकडे सोपवतो. त्यामुळे नुसता ईएचसीआयचा ड्रायव्हर लिहून पेनड्राइव्ह चालेल, कीबोर्ड नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताबा घेण्याची रीत. कंट्रोलर बायोसच्या हातात असतो, तो हिसकावून घ्यायचा नाही. ईएचसीआयमध्ये त्यासाठी एक रजिस्टर आहे. त्यात २४ वा बिट १ केला की अर्थ होतो, 'मला ताबा हवा आहे.' मग थांबायचं. बायोस आपलं काम आवरून १६ वा बिट ० करतो, म्हणजे 'घे बाबा, तुझं तू सांभाळ.' काही बायोस हा बिट सोडतच नाहीत, म्हणून थांबण्याला सेकंदाभराची मर्यादा घालायची. त्यानंतर बायोसला जागं करणारे इंटरप्ट बंद करायचे, आणि मगच रिसेट. एक्सएचसीआयमध्येही बिट हेच, फक्त रजिस्टरची जागा वेगळी. यूएचसीआयमध्ये अशी देवघेव नाही. तिथे पीसीआय कॉन्फिगरेशनमधल्या हेक्स सी० या रजिस्टरमध्ये लेगसीचे बिट बंद करायचे.

एवढं झाल्यावर यूएचसीआयचा ड्रायव्हर लिहिला. कीबोर्डला 'बूट प्रोटोकॉल'मध्ये टाकलं की तो आठ बाइट्सचा रिपोर्ट देतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट-कंट्रोल वगैरे, दुसरा राखीव आणि उरलेल्या सहांत दाबलेली बटणं. 'ए' चा जुना कोड होता ३०, इथे तो ४. म्हणजे तक्ताही नवा करावा लागला. फेस्टच्या आदल्या रात्री स्क्रीनवर एकच 'ए' उमटला. एरवी दिवसाला हजार वेळा दाबतो आपण ते अक्षर, पण त्या एका 'ए' साठी आम्ही लॅबमध्ये एवढा आरडाओरडा केला की वॉचमन मामा धावत वर आले!

फेस्ट पार पडला. कर्नल कोपऱ्यातल्या मशीनवर दिवसभर चालला. लॅबमधली नवी मशीन्स मात्र अजून बाकी आहेत. त्यांत डिव्हाइस २० वर फक्त एक्सएचसीआय आहे आणि त्याचा ड्रायव्हर म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. या वळणावर मोठेमोठेही अडखळलेत. २०१५ मध्ये इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या चिपसेटमधून ईएचसीआय गेला. विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीत एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नव्हता. लोक इन्स्टॉल करायला बसले, तर सेटअपमध्ये यूएसबी कीबोर्ड-माउस हलेनात! शेवटी मदरबोर्ड कंपन्यांना सेटअपमध्ये ड्रायव्हर घालून देणारी टूल्स वाटावी लागली. शिवाय यूईएफआयने बूट केलं तर फर्मवेअरची कीबोर्ड सेवा कर्नलने ताबा घेताच संपते. बायोसची जुनी मेहेरबानी तिथे मिळेलच असं नाही.

तर सांगायचा मुद्दा असा की 'चालतंय' आणि 'कळलंय' यांत फार अंतर असतं. पहिल्या दिवशी लॅबमध्ये टायपिंग झालं, तेव्हाच सबमिशन उरकून मोकळं होता आलं असतं. 'हे चालतंय तरी कसं?' हा प्रश्न पडला म्हणून पुढचं सगळं हाती लागलं. जर्नल उतरवतानाही हा प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारावा, मार्क वाढतील याची हमी नाही, पण डोकं चालू राहतं.

आता आमचीही जायची वेळ आली. ज्युनियर मित्रांनो, पेनड्राइव्ह तयार आहे. त्यात कंट्रोलरची यादी छापणारा कोड आहे, कोपऱ्यातला टायमर आहे, आणि काय बाकी आहे ते मराठीत लिहून ठेवलंय. गोल प्लगचा कीबोर्ड काकांकडे मागा, देतील. तुमचा २४ वा बिट १ करा. आम्ही आमचा १६ वा ० करायला तयार आहोत!

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी