दोन खाड्या आणि एक खासदार

उरणजवळच्या करंजा बंदरांतून रेवसला जाणाऱ्या लाँचींत मीं पाऊल ठेवलें, तेव्हां राजकारणाचा विचार माझ्या मनांत तिळभरहि नव्हता. अलिबागेस आमच्या थोरल्या आत्याबाईंकडे चार दिवस राहावें, मग किनाऱ्याकिनाऱ्यानें मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत बाणकोटच्या खाडीपर्यंत जावें, एवढाच बेत होता. शेजारीं रिकाम्या टोपल्या घेऊन एक कोळीण बसली होती. तिचें माहेर रेवसकडे आणि सासर करंजास. बोलण्यांत निवडणुकीचा विषय निघाला, तेव्हां ती हंसून म्हणाली, "आमचा खासदार येगला, न माज्या भावाचा येगला. मदी काय, तं ही खाडी!"

तिचें बोलणें अक्षरशः खरें होतें. धरमतरच्या खाडीचे हे दोन्ही तीर रायगड जिल्ह्याचेच. पाणी तेंच, मासळी तीच, सोयरीक तीच. परंतु २००८ सालीं मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून उरण, पनवेल व कर्जत हे तीन विधानसभा-मतदारसंघ मावळ, पिंपरी आणि चिंचवड यांच्या जोडीला बसविण्यांत आले. करंजाच्या कोळ्याचा प्रतिनिधि तेव्हांपासून बोरघाटावरील कारखान्यांच्या शहरांनाहि उत्तर देणें लागतो; रेवसच्या कोळ्याचा प्रतिनिधि पाहावा, तर त्याचा मुलूख थेट दाभोळच्या खाडीपलीकडे गुहागरापर्यंत पसरलेला. खाडी एक आणि मतपत्रिका दोन, ही काय रीत म्हणावी? तो प्रश्न घेऊनच मी रेवसच्या धक्क्यावर उतरलों आणि पुढें सारा प्रवासभर तो माझ्या पिशवींतून उतरला नाहीं.

इंग्लंडचा इतिहास घोकून मोठ्या झालेल्या वडिलांच्या हाताखालीं मी वाढलों. त्यामुळें प्रथम आठवलें तें इंग्लंडच. तेथें तेराव्या शतकापासून प्रत्येक कौंटीनें आपले दोन सरदार पार्लमेंटांत पाठवावे असा प्रघात पडत गेला. त्यांचा रोजचा भत्ता चार शिलिंग, आणि तो ज्या कौंटीनें पाठविलें तिनेंच भरावयाचा; नगरांच्या प्रतिनिधींस मात्र दोनच शिलिंग! १४३० मध्यें कायदा झाला कीं, ज्याच्या स्वतःच्या जमिनीचें उत्पन्न वर्षाला चाळीस शिलिंग असेल त्यासच कौंटींत मत. ही अट १८३२ च्या सुधारणेपर्यंत, म्हणजे चारशें वर्षें, टिकली. चिमुकल्या रटलंडला दोन सभासद आणि विस्तीर्ण यॉर्कशायरलाहि दोनच, हा विनोदहि तितकाच दीर्घायुषी. लांचलुचपतीबद्दल ग्रॅमपाउंड नांवाच्या गांवाचे सभासद काढून घेण्यांत आले, तेव्हां कोठें १८२६ मध्यें ते यॉर्कशायरच्या पदरांत पडले.

रटलंडची पुढील हकीकत मला विशेष मनोरंजक वाटते. १८८५ मध्यें दोनांचा एक सभासद झाला. १९१८ मध्यें स्टॅमफर्ड हें शेजारच्या कौंटींतील गांव जोडून दोघांचा मिळून एक झाला. १९७४ मध्यें कौंटी म्हणूनच तिचें वेगळें अस्तित्व मिटविलें, आणि लोकांनीं धरलेला हट्ट सफल होऊन १९९७ मध्यें तें परत मिळालें. मध्यंतरीं मेल्टनशीं केलेला मतदारसंघाचा संसारहि मोडला आणि २०२४ मध्यें पुनः रटलंड व स्टॅमफर्ड हीच जोडी पार्लमेंटांत अवतरली. आमच्या कुलाब्याची कथा याच वळणाची आहे. फरक इतकाच कीं, रटलंडला जें सोसावयास सहा शतकें लागलीं, तें कुलाब्याच्या वांट्याला साठ वर्षांच्या आंतच आलें.

अलिबागेस पोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्यांत चालत गेलों. जिल्ह्यास नांव मिळालें तें या किल्ल्यावरून. शिवछत्रपतींनीं उभारलेला आणि आंग्र्यांनीं गाजविलेला हा जलदुर्ग. १८४० मध्यें आंग्र्यांचें संस्थान इंग्रजांनीं खालसा केलें आणि १८६९ मध्यें कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईच्या दक्षिण टोंकासहि कुलाबाच म्हणतात, त्यामुळें परगांवच्या मनुष्याचा घोटाळा ठरलेला. आमचे एक काका दिल्लीस नोकरीला होते. "आम्ही कुलाब्याचे" असें सांगितलें कीं समोरचा गृहस्थ मुंबईच्या घरभाड्याची चौकशी करूं लागे, असें ते सांगत.

संध्याकाळीं आत्याबाईंच्या ओटीवर बसून मीं मतांची गोष्ट काढली. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबईच्या कौन्सिलासाठीं जिल्ह्यांत मतदान होऊं लागलें. पण मत होतें तें मुख्यतः ठराविक सारा भरणाऱ्यास. आमचे पणजोबा मतदार होते. १९२१ मध्यें मुंबई इलाख्यांत स्त्रियांवरील बंदी उठली खरी, परंतु खातें पुरुषाच्या नांवें. तेव्हां पणजीबाईंना त्याचा उपयोग तो काय! आणि पणजोबांचीं शेतें ज्यांच्या नांगराखालीं होतीं, त्या कुळांना तर कोणी विचारीतहि नव्हतें. थोडक्यांत, चाळीस शिलिंगांचाच तो कायदा, रुपयांत मांडलेला.

ज्यांना मतपेटी नव्हती त्यांनीं आपलें म्हणणें निराळ्या रीतीनें मांडलें. अलिबागेजवळ चरी नांवाचें गांव आहे. तेथें १९३३ मध्यें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आसपासच्या गांवांतील कुळांनीं खोत-सावकारांच्या जमिनी कसण्याचें सोडून दिलें. हा संप १९३९ पर्यंत चालला. सोन्यासारख्या भाताच्या खाचरांत गवत माजलें, आणि माणसें सरपणाच्या मोळ्या विकून जगलीं, पण नांगर धरला नाहीं. १९३४ मध्यें डॉ. आंबेडकर त्यांच्या सभेस चरीला आले होते. खोती नष्ट करण्याचें विधेयक त्यांनीं १९३७ मध्यें मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें, आणि १९३९ मध्यें कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला. आमच्याहि घरचा खंड त्या वर्षांत बुडाला. लहानपणीं ही गोष्ट मीं "कुळें माजलीं" या शब्दांतच ऐकली होती. आत्याबाई आजहि तीच भाषा वापरतात, आणि त्यांच्या वयाचा मान राखून मीं त्या संध्याकाळीं वाद घातला नाहीं. परंतु सहा वर्षें उपाशी राहून दिलेलें तें मत पणजोबांच्या मतापेक्षां हलकें होतें, असें मला म्हणवत नाहीं.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची आठवण मात्र आत्याबाईंनीं मोठ्या उल्हासानें सांगितली. त्या तेव्हां अकरा वर्षांच्या. पणजीबाई नवें लुगडें नेसून, नात हातीं धरून मतदानास गेल्या. रांगेंत पुढें आमचेंच एक कूळ आणि मागें कोळवाड्यांतील बायका! त्या वेळीं मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचें चिन्ह, आणि आपला कागद हव्या त्या पेटींत टाकावयाचा. घरीं आल्यावर पणजोबांनीं विचारलें, "कोणत्या पेटींत टाकलेंस?" पणजीबाई उत्तरल्या, "मत गुप्त असतें, असें काल आपणच वाचून दाखवलेंत ना?" त्यानंतर कित्येक दिवस पणजोबा जेवतांना बोलत नसत म्हणे.

त्या निवडणुकींत कुलाब्यानें चिंतामणराव देशमुखांना लोकसभेंत पाठविलें. महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील नाते हें त्यांचें जन्मगांव. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति, आय. सी. एस. परीक्षेंत पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मेघदूताचे मराठी भाषांतरकार, आणि त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री! इतका विद्वान प्रतिनिधि लाभल्याचा जिल्ह्यास अभिमान होता. पण जिल्ह्यानें त्यांना खरें ओळखलें तें १९५६ च्या जुलैंत. मुंबई महाराष्ट्रास न देतां केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हां त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढें १९५७ मध्यें संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत कुलाब्यानें शेतकरी कामकरी पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत यांना निवडलें. त्याच सालच्या एक एप्रिलला कूळकायद्याप्रमाणें कसणारा जमिनीचा मालक ठरला आणि आमच्या घरचीं भातशेतें गेलीं. पणजोबा ते पाहावयास उरले नव्हते. वाडी राहिली, तिच्या सुपाऱ्या-नारळांवर पुढील पिढी शिकली.

त्यानंतरच्या निवडणुकींत हें पारडें कधीं काँग्रेसकडे, कधीं दुसरीकडे झुकत राहिलें. १९६२ मध्यें भास्कर नारायण दिघे, १९६७ मध्यें मुंबई विधानसभेचे माजी सभापति दत्तात्रय काशिनाथ कुंटे, १९७१ मध्यें शंकरराव सावंत. १९७७ मध्यें शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील आले, आणि त्यांच्यापाशीं मात्र थांबलें पाहिजे. करंजाला येतांना वाटेंत जासई लागलें होतें, तें त्यांचें गांव. नवी मुंबई वसविण्यासाठीं १९७० पासून ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांची जमीन संपादन होऊं लागली. शेताबरोबर मिठागर गेलें, खाजण गेलें. योग्य मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत आंदोलन झालें, गोळीबार झाला आणि पांच माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक आली. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची ती लाट. महाराष्ट्रांतील ४८ पैकीं ४३ जागा काँग्रेसला मिळाल्या. उरलेल्या पांचांत एक कुलाबा होता, आणि तेथून दि. बा. पाटील निवडून आले होते. विकसित जमिनीचे साडेबारा टक्के मूळ शेतकऱ्यास परत देण्याची योजना पुढें आली ती या लढ्यांतूनच. चरीच्या संपाला मतपेटी मिळाली असती तर तिनें काय केलें असतें, तें १९८४ नें दाखविलें, असें मला वाटतें.

अलिबागेहून निघालों, रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडास आलों. समुद्रांत जंजिरा उभा. मुरूड, म्हसळें, श्रीवर्धन हा सिद्दीच्या संस्थानाचा मुलूख. १९४८ मध्यें तो विलीन होईपर्यंत येथील रयतेला मुंबईच्या विधिमंडळाशीं कांहीं कर्तव्यच नव्हतें. पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथांना सिद्दीच्या त्रासामुळें तें सोडावें लागलें, आणि त्यांच्या वंशजांनीं दिल्लीपर्यंत दौड मारली, तरी गांव सिद्दीकडेच राहिलें! पण संस्थान गेल्यावर चार वर्षांत तेथील सुपारीच्या वाडींतला गडी आणि जुना इनामदार एकाच रांगेंत उभे राहिले.

याच भागांतील आंबेत हें बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचें गांव. मुख्यमंत्री असतांना १९८१ च्या एक जानेवारीस त्यांनीं कुलाबा जिल्ह्यास रायगड हें नांव दिलें. गंमत अशी कीं, जिल्हा रायगड झाला, तरी लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला. त्याच जुन्या नांवानें अंतुले स्वतः १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्यें निवडून गेले, आणि मधल्या १९९८ व १९९९ च्या निवडणुकींत शे. का. पक्षाचे रामशेठ ठाकूर. २००९ मध्यें मतदारसंघालाहि रायगड नांव मिळालें आणि त्या पहिल्याच निवडणुकींत अनंत गीते यांच्याकडून अंतुले पराभूत झाले! २०१४ मध्यें गीते सुनील तटकरे यांच्यापेक्षां अवघ्या २,११० मतांनीं पुढें राहिले. त्या वेळीं तटकऱ्यांच्याच नांवाचा एक अपक्ष उमेदवार उभा होता आणि त्यानें याहून कितीतरी अधिक मतें घेतलीं. पणजीबाईंच्या काळच्या निराळ्या पेट्या असत्या, तर कदाचित् हा घोटाळा टळला असता. २०१९ आणि २०२४ मध्यें तटकरे निवडून आले.

फेररचनेचें गणित वाईट हेतूचें होतें असें मी म्हणणार नाहीं. महाराष्ट्रांत विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८. म्हणजे एका खासदाराच्या पदरीं सहा आमदार. रायगड जिल्ह्यांत विधानसभेचे मतदारसंघ सात. साताला सहानें भागलें कीं एक उरतो. तो एक बाहेर द्यावा आणि सहा एकत्र ठेवावे, हें माझ्यासारख्या अडाण्याला सुचतें. पण शेजारच्यांचींहि गणितें सुटावयाचीं असतात, म्हणून तीन दिले, चार ठेवले आणि रत्नागिरीचे दोन, दापोली व गुहागर, उसने घेतले. भागाकार बरोबर आला. ज्या उरणच्या शेतकऱ्यांनीं १९८४ मध्यें कुलाब्याचा निकाल फिरविला, त्यांचें मत मात्र किनाऱ्यापासून सुटून घाटावर चढलें. बंदर त्यांच्या दारांत, २०२४ पासून शिवडीहून येणारा सागरी पूल त्यांच्या अंगणांत, आणि मतांची बेरीज चिंचवडशीं.

हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन बागमांडल्यास आलों. समोर सावित्रीची, म्हणजे बाणकोटची, खाडी. पलीकडे बाणकोटचा हिंमतगड. १७५६ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं आला आणि त्यांनीं त्याचें नांव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलें. फेरीबोटींत मोटारी, म्हशींचा पेंढा, लग्नाचें वऱ्हाड, सर्व एकत्र चढलें. वेसवीच्या धक्क्यावर उतरलों तों गाड्यांवरचे क्रमांक ०६ चे ०८ झाले होते. रत्नागिरी जिल्हा लागला. पण चहाच्या टपरीवर मागच्या निवडणुकीचा एक विटलेला कागद चिकटलेला होता, आणि त्यावरचा चेहरा अलिबागेच्या बसस्थानकावर पाहिला होता तोच.

टपरीवाल्याला मीं सहज विचारलें, "तुमचें काम अडलें तर कोणाकडे जातां?"

"कलेक्टर रत्नागिरीला," तो दक्षिणेकडे हात करून म्हणाला, आणि मग कपबशी पुसतां पुसतां खाडीकडे पाहून, "खासदार तिकडे. बोट पांच वाजतां आहे, तुम्हांला परत जायचं असेल तर लवकर चहा घ्या."