कोयता म्हणजे किती माणसं?

बारडोलीच्या साखरपट्ट्यात ऊस तोडायला उतरलेल्या खानदेशी टोळीत किती माणसं आहेत, असं विचारलं तर उत्तर माणसांत येत नाही. ‘बारा कोयते,’ असं येतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि हाताशी आलं असेल तर एखादं पोर. नवरा बुडख्याशी घाव घालतो, बायको पाचट सोलून मोळ्या बांधते. मुकादमाच्या वहीत नाव मात्र एकाचंच.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६२ मध्ये दक्षिण गुजरातेत पहिल्यांदा आले, तेव्हा ऊसतोड हा त्यांचा विषयच नव्हता. अनाविल जमीनदार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे राबणारे हळपती, म्हणजे हालीप्रथा, ते तपासत होते. प्रथा मोडत आली होती. मग सुटलेला हळपती गेला कुठे? या एका प्रश्नामागे पुढची कित्येक दशकं गेली.

बारडोलीत त्यांना उलटंच चित्र दिसलं. साखर कारखान्याच्या परिसरातला हळपती रिकामा, आणि तोडणीला माणसं आणलेली धुळ्याकडून. रिकामा हळपती पोट भरायला मुंबईकडच्या वीटभट्ट्यांवर! मजूरटंचाईचं कारण इथे टिकत नाही. ब्रेमन यांनी १९७८ मध्ये मांडलं ते असं: परका मजूर उचलीने, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाने, बांधलेला असतो, अपरात्री ट्रक आला तरी उठतो, हंगाम सरला की निघून जातो. स्थानिकाला पाठीशी गाव असतं. तो नाही म्हणू शकतो.

हे कळायला स्थलांतराची दोन्ही टोकं पाहावी लागतात, आणि तिथेच भले भले अभ्यासक घसरतात. दिवाळीनंतर मजुराच्या गावी जावं तर दाराला कुलूप; पावसाळ्यात जावं तर माणूस भेटतो, पण त्याचं काम दिसत नाही. कुलूप पाहून फॉर्मवर ‘अनुपस्थित’ लिहिणं सोपं. ब्रेमन त्याच गावांत पुन्हा पुन्हा परतत राहिले.

पुढे अहमदाबादच्या कापडगिरण्या बंद पडल्या. १९२० पासून मजूर महाजन या कामगार संघटनेच्या सावलीत असलेला कायम कामगार हातगाडीवर, रिक्षावर आला. ‘असंघटित क्षेत्र’ हा वेगळा कप्पा मानायला ब्रेमन यांनी १९७६ मध्येच हरकत घेतली होती; इथे एकाच कामगाराने संघटित आणि असंघटित असे दोन्ही कप्पे पाहिले.

पुन्हा बारडोलीकडे वळलं तर, कोयत्याची मजुरी टनावर निघते. त्यातला बाईचा वाटा काढायचा तर आधी मुकादमाची वही हातात यायला हवी, आणि मुकादम ती सहजी देत नाही.